वाइनच्या वहीत ‘जांभूळ’ लिहिलं तर चुकलं का?

नौपाड्याची वही (ठाणे), २३ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही चौघी मैत्रिणी. मी नौपाड्यात, दोघी पाचपाखाडीत, एक घोडबंदर रोडला. गेली चार वर्षं महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एकीच्या घरी जमतो आणि दोन बाटल्या उघडतो. औषधाच्या मापाने मोजून प्रत्येकीच्या ग्लासात पन्नास मिलिलिटर. आधी पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग बघायचा, मग वास, मग घोट. मधे एक स्टीलचा गडू ठेवलेला असतो, थुंकायचं असेल तर त्यात. उरलेली बाटली जेवणाबरोबर.

मी वही ठेवते. डाव्या पानावर बाटलीची माहिती, उजव्या पानावर चौघी काय म्हणाल्या ते ज्याच्या त्याच्या शब्दांत. आत्तापर्यंत ८६ बाटल्या झाल्या. थोडे नमुने देते (नावं द्राक्षांच्या जातींची, त्यांच्याच वाइनला तेच नाव):

नाशिकची सोविन्यों ब्लां: अर्धा कच्चा पेरू, नुकती चिरलेली ढोबळी मिरची, मागे कैरीची साल. तोंडाला सुटलेलं पाणी थांबेना.

अकलूजकडची सांजोवेझे: आमसूल, थोडी जुनी चिंच. हिरड्यांवर तुरट, पण मऊ.

नाशिकची शेनिन ब्लां: ताडगोळ्यातलं पाणी, पातळ मध. किंचित गोड. मिसळीबरोबर चारही जणींना आवडली.

कॅबरने सोविन्यों (कुठली ते पान भिजलंय): पेन्सिल तासल्यावर येतो तो वास. नंतर कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ धरली.

आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यात आम्ही मुंबईत एका चाखण्याच्या कार्यक्रमाला गेलो होतो, पैसे भरून. शिराझ ओतली, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची लाल वाइन. कार्यक्रम घेणाऱ्याने विचारलं, काय जाणवतं? मी म्हटलं, “जांभूळ. पिकलेलं, बीजवळचा भाग. आणि मागून मिरी.” तो सगळ्यांसमोर म्हणाला, “जांभूळ ही टेस्टिंग नोट नाही मॅडम. ब्लॅकबेरी म्हणा.” पुढचा तासभर मी तोंड उघडलं नाही.

मी ताजी ब्लॅकबेरी आयुष्यात खाल्लेली नाही. ब्लॅककरंट नाही, गूसबेरी नाही. पुस्तकात ते शब्द वाचते तेव्हा माझ्या नाकात काहीही उमटत नाही. करवंद म्हटलं की मात्र स्टेशनबाहेर पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या येऊरकडच्या बाया, बोटांना चिकटणारा चीक, सगळं एकदम येतं. दादरहून ठाण्यापर्यंत गाडीत उभी राहून मी एवढाच विचार करत होते, की चार वर्षं मी चुकीची वही लिहिली का?

जाणकारांनी खरं काय ते सांगावं. मला बरं वाटावं म्हणून सांगू नये.

अजून एक. आमच्यातल्या घोडबंदरच्या मैत्रिणीला शिराझमध्ये मिरी कधीच लागत नाही. आम्ही तिघी मिरी मिरी म्हणतो आणि ती गप्प बसते. ती म्हणते माझं नाकच बोथट आहे. तसं असतं का?


मिरी-लवंग (वाशी), २४ मे, सकाळी ७:१५

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये आमची दुसरी पिढी.

शिराझमधली मिरी ही उपमा नाही, खरोखरची मिरी आहे. ‘रोटंडोन’ नावाचा एक रेणू काळ्या मिरीत असतो, तोच शिराझच्या द्राक्षाच्या सालीत असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली हे दाखवून दिलं. त्याच अभ्यासात असंही निघालं की साधारण पाचातल्या एका माणसाला हा रेणू वासाने कळतच नाही, मात्रा बरीच वाढवली तरी. बाकी सगळे वास त्याला नीट येतात. तेव्हा मैत्रिणीला सांगा, तुमचं नाक बोथट नाही. त्यातली एक खिडकी बंद आहे, इतकंच.

आम्ही मिरी बघतो ती तळहातावर रगडून, एक फुंकर मारून, मग ओंजळ नाकाशी नेऊन. सलग सात-आठ नमुने झाले की नाक थकतं. तेव्हा बाबा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यायला सांगायचे. आपल्या अंगाचा वास नाकाला सवयीचा, त्यामुळे ते पुन्हा जाग्यावर येतं. वाइनलाही हे चालतं, मी करतो.

लाकडी पिंपात मुरलेल्या लाल वाइनमध्ये लवंग जाणवली तर तेही खरं समजा. लवंगेतलं युजेनॉल ओकच्या लाकडात असतं. व्हॅनिलाही लाकडातूनच येतो. पिंप अमेरिकन ओकचं असेल तर ओल्या खोबऱ्याचा वास येतो, तो तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ओळखता येईल.

जांभळाबद्दल माझं मत: लिहा, बिनधास्त लिहा.


तिसरी पातळी (खारघर), २४ मे, रात्री ११:०५

मी डब्ल्यूएसईटीच्या (वाइन शिकवणारी लंडनची संस्था) तिसऱ्या पातळीच्या परीक्षेचा अभ्यास करतोय, त्यामुळे थोडं वेगळं मत मांडतो. ताई, रागावू नका.

सगळ्यांसमोर असं तोडून बोलणं चूकच. पण मुद्दा पूर्ण चूक नाही. वर्णन दोन कारणांसाठी लिहितात. एक, स्वतःला आठवावं म्हणून. दुसरं, न चाखलेल्या माणसाला कळावं म्हणून. पहिल्यासाठी जांभूळ उत्तम. दुसऱ्यासाठी समोरच्याने जांभूळ खाल्लेलं हवं. लंडनमधल्या परीक्षकाने ते खाल्लेलं नसतं, जशी तुम्ही गूसबेरी खाल्लेली नाही. म्हणून परीक्षेत ठरलेले शब्द वापरावे लागतात.

दुसरी शंका मला जास्त महत्त्वाची वाटते. जांभळाला तसा वास फार नसतो. जांभूळ म्हटल्यावर आपल्याला आठवतो तो जांभळा रंग आणि धरलेली जीभ. मग शिराझमध्ये तुम्हाला जांभळाचा वास आला, की रंग बघून आणि तुरटपणा लागून ‘जांभूळ’ सुचलं? दोन्हींत फरक आहे. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट पदार्थ, हा वास नाही आणि काटेकोर बोलायचं तर चवही नाही, तो स्पर्श आहे. लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत होते. इंग्रजीत शिकवताना यावर पाऊण तास जातो. मराठीत ‘तुरट’ म्हटलं की झालं, कारण आवळा-सुपारी-जांभळाने ते आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. तसंच आंबटपणाचं. ‘दात आंबले’ आणि ‘तोंडाला पाणी सुटलं’ या दोन शब्दांत आम्लाची मात्रा आपण सांगून मोकळे होतो. तुमच्या वहीत हे आहे, ते फार चांगलं आहे.

करून बघा: नाक चिमटीत धरून घोट घ्या. जे उरेल ते तोंडातलं, म्हणजे गोड, आंबट, कडू, तुरट, घशाला लागणारी दारूची ऊब. मग नाक सोडा. त्या क्षणी जे धावत येतं ते वासाचं.

आणि एक प्रयोग. अॅन नोबल या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथे प्राध्यापिका होत्या. १९८४ साली त्यांनी वाइनच्या वासांचं चक्र मांडलं. ‘तालेवार’, ‘उमदी’ असले ज्यांचा प्रत्येकजण वेगळा अर्थ लावतो ते शब्द त्यात नाहीत, दाखवता येतील असे वास आहेत. आणि ते वास शिकवायला त्या परदेशी अत्तरं वापरत नव्हत्या. साध्या वाइनमध्ये ढोबळी मिरचीची चीर, लवंग, जॅम असं काहीतरी टाकून ठेवायचं आणि त्याचा वास घ्यायचा. हे ठाण्यात बसून करता येतं. जांभूळ आता जूनमध्ये येईलच. ग्लासात टाका आणि बघा ते खरंच शिराझसारखं आहे का.

ब्लॅकबेरी खाल्ली नसेल तर तुती आठवा. फळं वेगळी, पण वासाने बरीच जवळची.


निफाडकर (ऐरोली), २६ मे, दुपारी २:३०

आमचं घर निफाड तालुक्यातलं. खायच्या द्राक्षांचा बाग आजोबांपासून, वडिलांनी पुढे दोन एकर वाइनची द्राक्षं लावली. वरच्या दोघांनी नाकाचं सांगितलं, मी बागेतलं सांगतो.

तुमच्या सोविन्योंमध्ये ढोबळी मिरची आणि पेरू दोन्ही आलेत, ते वाचून फार आनंद झाला. ढोबळी मिरचीत जो वासाचा पदार्थ असतो त्याच घराण्यातला पदार्थ या द्राक्षात असतो. घड सावलीत, पाल्यात दडलेला राहिला तर तो जास्त टिकतो. ऊन लागलं, मणी पिकत गेले की कमी होतो. म्हणून घडापुढची पानं किती काढायची यावरून वडील आणि कंपनीचा माणूस यांची दरवर्षी चर्चा चालायची. पेरूचा वास वेगळ्या पदार्थांमुळे येतो आणि ते बरेचसे आंबवताना मोकळे होतात, द्राक्ष नुसतं खाऊन कळत नाहीत. म्हणजे तुमच्या त्या एका ओळीत बागही आहे आणि वायनरीही आहे.

आपल्याकडे छाटणी दोनदा. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी बहार छाटणी. फ्रान्समध्ये द्राक्षं उन्हाळ्यात पिकून ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास तोडतात, आपली जानेवारी ते मार्चमध्ये. थंडीत पिकायला सुरुवात होते आणि तोडणी लांबली तर उन्हं कडक होतात. साखर भराभर चढते, आंबटपणा भराभर उतरतो. एक आठवडा इकडेतिकडे झाला तर तोंडाला पाणी सुटणारी वाइन सपक होते. वडील मोजायला ब्रिक्स मीटर (रसातली साखर ब्रिक्समध्ये दाखवणारं) वापरायचे, पण निर्णय घ्यायचे बी चावून. बी हिरवं, कडू असेल तर थांबायचं. तपकिरी होऊन भाजल्यासारखं कुरकुरीत लागलं की तोडायचं. खायचं द्राक्ष १८ ब्रिक्सला बाजारात जातं, लाल वाइनचं २२ ते २४ पर्यंत वेलीवर ठेवतात.

नाशिकच्या मातीत सोविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावायचं धाडस सुला या वाइन कंपनीने १९९७ साली केलं आणि त्यांची पहिली वाइन २००० साली आली. म्हणजे या द्राक्षांना आपल्या उन्हात वाढायला लागून अजून तीस-एकच वर्षं होतायत. त्यांचे वास आपल्या शब्दांत कुणी लिहिलेत कधी? तुम्ही लिहिताय. ती वही जपून ठेवा.

एक विनंती. बाटल्या माळ्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका. ठाण्याच्या मे महिन्यात तिथे वाइन अक्षरशः शिजते. मग लाल वाइनला शिजवलेल्या मनुकांचा वास येतो, पांढरीला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. आणि लाल वाइन ‘घरातल्या तापमानाला’ प्या म्हणतात, ते घर युरोपातलं. १६-१८ अंश. आपल्याकडे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडावी.


नौपाड्याची वही (ठाणे), २१ जून, रात्री ११:५०

उशिरा लिहितेय, कारण जांभळांची वाट बघत होते.

तिसरी पातळी, रागावले नाही. तुमचा प्रतिसाद छापून वहीत लावलाय.

आज प्रयोग केला, माझ्याकडेच. अगदी साधी, फारसा वास नसलेली एक पांढरी आणि एक लाल घेतली. नऊ ग्लास, प्रत्येकात पन्नास मिलिलिटर, वर बशी झाकून, बुडाला चिठ्ठी चिकटवलेली. जांभळं आणि पेरू जांभळी नाक्यावरून आणले. करवंदं संपली होती, शेवटी स्टेशनजवळ एका मावशींकडे मूठभर मिळाली, सुकत आलेली. खोबरं, आमसूल, लवंग, मिरी घरातली. तुतीचं फळ आता कुठलं मिळायला, म्हणून महाबळेश्वरचा तुतीचा क्रश आणला.

सुरुवातीलाच एक अडचण आली, ती सांगते म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. ग्लास फडताळातून काढले आणि सगळ्याच वाइनला कुबट वास. मला वाटलं बुचाने बाटली बिघडली. घोडबंदरची मैत्रीण म्हणाली, रिकामा ग्लास हुंगून बघ. कुबटपणा रिकाम्या ग्लासातच होता. पावसाळ्यात बंद फडताळात पालथे ठेवलेले ग्लास, दुसरं काय होणार. गरम पाण्याने धुऊन, पंख्याखाली सुलटे वाळवून पुन्हा सुरुवात केली. तिचं नाक बोथट आहे म्हणे!

ढोबळी मिरचीची चीर दहा मिनिटांत काढावी लागली, नाहीतर दुसरं काही कळेना. पेरूची फोड टाकलेली पांढरी वाइन चौघींनी एकदम ‘सोविन्यों’ म्हणून ओळखली. लवंग एकच टाकली होती, तीही दोन मिनिटांत बाहेर काढली. आमसुलाने लाल वाइन इतकी सांजोवेझेसारखी केली की मी डोळे मिटून पुन्हा वास घेतला. करवंदाने निराशा केली. आंबटपणा दिला, वास दबका, पानासारखा. माझ्या मनातलं करवंद फार मोठं होतं, ग्लासातलं तसं नाही निघालं. कदाचित शिळी होती म्हणून. पुढच्या मे महिन्यात ताज्यांवर परत करणार.

आणि जांभूळ. चार जांभळांचा गर कुस्करून टाकला होता. रंग सुंदर उतरला. वास... जवळपास नाहीच. ओल्या पानाचा असावा तेवढा. चौघींनी आळीपाळीने घेतला. मला खरं सांगायचं तर घशाशी आलं.

मग शिराझ उघडली. नाक चिमटीत धरून घोट घेतला. आणि तिथे जांभूळ होतं. जिभेच्या मधोमध धरणारं, कडेने आंबट, मग गाल आत ओढल्यासारखे. जांभळाच्या ग्लासातला घोट घेतला, पुन्हा नाक धरून, पुन्हा शिराझ. तीच जागा, तीच पकड. नाक सोडलं तेव्हा जे आलं ते मात्र जांभूळ नव्हतं. मी एकेक बशी उचलत गेले आणि तुतीच्या ग्लासाशी थांबले.

आमच्या वाईच्या आजोळी विहिरीजवळ तुतीचं झाड होतं. खाली पडून काळ्या पडलेल्या, उन्हाने कोमट झालेल्या तुत्या. त्या मला गेल्या तीस वर्षांत आठवल्या नव्हत्या. मी उठून खिडकीपाशी गेले.

मिरीचं सांगायचं राहिलं. मिरी-लवंग दादा, तुमचा प्रतिसाद मी मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवला होता. आज मिरीच्या ग्लासात तिला मिरी लागलीच, शिराझमध्ये नाही. म्हणजे तुम्ही म्हणता ती एक खिडकीच. चार वर्षं ती ‘मला काही कळत नाही’ म्हणून सगळ्यात शेवटी बोलायची. आज तिला आम्ही पहिलं बोलायला लावलं आणि सांजोवेझेतलं सुकं टोमॅटोचं पान तिनेच दाखवलं. मला ते आधी कधी दिसलं नव्हतं, आता दिसल्याशिवाय राहत नाही.


मिरी-लवंग (वाशी), २२ जून, सकाळी ६:५०

वाचून फार बरं वाटलं. मिरीत रोटंडोनशिवाय इतर पुष्कळ वास असतात, त्यामुळे खऱ्या मिरीत त्यांना मिरी कळणारच. वाशीला आलात तर दुकानावर या. जायफळ, दगडफूल, तमालपत्र, चार प्रकारची मिरी पुड्या बांधून देतो. जुन्या लाल वाइनला दगडफूल लावून बघाच.


तिसरी पातळी (खारघर), २२ जून, सकाळी ९:२०

ताई, मी हा प्रयोग पुस्तकात वाचलाय, केलेला नाही. जांभूळ तोंडातलं असणार एवढा तर्क केला होता, पण तीच पकड, तीच जागा ही तुलना मला सुचली नसती. टॅनिनचे कमीपासून जास्तपर्यंत नुसते पाच कप्पे पाडून आम्ही थांबतो. तुमच्याकडे सुपारी वेगळी, जांभूळ वेगळं, आवळा वेगळा आहे. एक विनंती करू का? ८६ बाटल्यांमधली तुरटपणाची जेवढी वर्णनं आहेत तेवढी इथे टाकाल? मला माझ्या नोंदींशी ताडून बघायची आहेत.


नौपाड्याची वही (ठाणे), २२ जून, रात्री १०:१५

टाकते, पण आठवडाभर द्या. मी वहीत नवे रकाने आखायला घेतलेत. आधी ‘वास’ आणि ‘चव’ एवढेच होते, आता ‘वास’, ‘तोंडात’ आणि ‘धरण’ असे तीन. ‘धरण’ हा शब्द घोडबंदरच्या मैत्रिणीचा, जीभ किती आणि कुठे धरते त्यासाठी. मुंबईतल्या त्या शिराझचं पान पहिल्यांदा दुरुस्त केलं. वासात: तुती, मिरी. धरण: जांभूळ, बीजवळचा भाग.

दादा, वाशीला नक्की येऊ, चौघीही. निफाडकर, माळ्यावरच्या दोन बाटल्या काल खाली उतरवल्या. एकीत मनुका आल्याच.

जांभळं आठ-दहा दिवसांत संपतील. थोडा गर बर्फाच्या साच्यात घालून गोठवून ठेवलाय, वर्षभर ताडून बघायला.